तुझ्या मुलखातला धीर

येसू,

शेजारचे मास्तर म्हणाले, "आजोबा, मंडळाच्या अंकात काकूंवर दोन ओळी लिहून द्या. जन्म कुठला, माहेर कुठलं, स्वभाव कसा, एवढं पुरे." मी म्हटलं, "स्वभाव दोन ओळींत मावायचा नाही आणि जन्माची तिथी तिची तिलाच ठाऊक नव्हती." तरी कागद ठेवून गेले. मी अन्नछत्रातला आचारी. देशावरून, कोकणातून काशीला आलेल्या लोकांना भात-आमटी वाढण्यात जन्म गेला. चार बुकं शिकलो, तीही मार खाऊन. लोकांसाठी लिहायला बसलो की हात चालत नाही, म्हणून तुलाच लिहितो. छापायचं असेल तर छापतील.

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. गल्लीतली माणसं अजून तेच सांगतात. सवाष्ण गेली, काशीत गेली, नवऱ्याच्या तोंडून रामनाम ऐकत गेली, केवढं भाग्य. मी मान हलवतो. त्या खोलीत खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक गेली. दुसरा कुणाला सांगणार?

तू होतीस तोवर पन्नास वर्षं मी तुला येसू या माहेरच्या नावानं हाक मारली नाही. लग्नात आईनं तुझं नाव भागीरथी ठेवलं. म्हणाली, काशीत सून आणली आहे, नाव तरी गंगेचं असू दे. सहा महिने तू त्या नावाला ओ दिली नाहीस. आई ओरडायची, "अगो भागीरथी, कानात बोळे घातलेस का?" आणि तू समोर बसून तांदूळ निवडत असायचीस. उद्दामपणा नव्हता तो. ते नाव तुझं आहे हे खरोखरच तुझ्या ध्यानात यायचं नाही. शेवटी मी "अगं ए" आणि "ऐकलंस का" यावर संसार केला. आज कागदावर हात आपोआप येसूवर गेला. तुझ्या माहेरचं माणूस आता इथे कुणी नाही, मग ते नाव घेणार कोण?

तू मालवणाकडच्या खेड्यातली, देवळातल्या पुजाऱ्याची पोर. वाडीत सगळे खारवी, कुळवाडी, भंडारी. तू त्यांच्यातच वाढलीस आणि त्यांच्यासारखी बोलायचीस. आमचं घर चार पिढ्या काशीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी. आमच्या मराठीत निम्मी हिंदी होती. भाजीला तरकारी म्हणायचो, खाटेला खटिया. तरीपण आईला वाटायचं आपली भाषा शुद्ध पुण्याची. पुणं तिनं बापजन्मात पाहिलं नव्हतं. दुपारी ती तुला समोर उभी करून बोलायला शिकवायची.

"वायच नाही. थोडं म्हण."

"थोडा."

"थोडा नाही गो, थोडं!"

"वायच थोडं," तू म्हणायचीस, आणि मी जिन्यात तोंड दाबून हसायचो.

बाकी सगळं तू शिकलीस. वर्ष-दोन वर्षांत आमच्यासारखी बोलायला लागलीस, घाटावर पंड्यांशी भांडायला लागलीस तेही त्यांच्याच भाषेत. पण कुणी घाबरलं, दमलं, पडलं, रडायला लागलं की तुझ्या तोंडून तुझ्या मुलखाचंच यायचं. "भियाव नको, मी आसंय." भिऊ नकोस, मी आहे. "होतला सगळा." सगळं होईल. पोर पडलं की, "ऊठ रे मेल्या, काय्येक जावक नाय." काही झालेलं नाही. शिवी आणि धीर एकाच घासात. चूल पेटत नसली तर चुलीलाही, "पेट गो बाये, वायच पेट." गाय अडली तेव्हा गायीला. तुळस थंडीनं करपली तेव्हा तुळशीला. मी म्हणायचो, झाडाला काय कळतंय. तू म्हणायचीस, "तुमका तरी खय कळता?" तुम्हाला तरी कुठे कळतं?

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या किती उभ्या आहेत ते ज्यानं चढल्या त्याला ठाऊक. कार्तिकात आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्नानाला उतरायच्या तेव्हा देवाच्या नावानं उतरून जायच्या, पण वर येताना मध्येच बसकण मारायच्या. ओलं लुगडं, हातात लोटा, ओठ निळे. तू घरातलं काम टाकून त्यांना आणायला जायचीस. एक हात त्यांच्या कमरेला, एक भिंतीला, आणि चालू, "आजून वायच. आजून वायच गो बाये. बग, इलंव." बघ, पोचलो. अर्धा घाट बाकी असताना! एकदा नागपूरकडची एक बाई चिडून म्हणाली, "अहो, मघापासून वायच वायच म्हणताय, किती लबाड आहात!" आणि तिथेच हसायला लागली, आणि हसता हसता वर आली. तेव्हापासून गल्लीनं तुला वायचकाकू केलं. तू ते नाव कौतुकानं घेतलंस. मला मात्र कुणी "वायचकाकूंचे यजमान" म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

लाजच वाटायची मला. सरळ लिहितो, आता लपवून काय करायचंय. आखाड्यात बनारसी पैलवान एकमेकांना "जिया रजा!", जग राजा, म्हणून ओरडायचे ते मला आवडायचं, मीही ओरडायचो. नाव वल्हवताना मल्लाह एकमेकांना आवाज देऊन जोर आणायचे त्याचंही कौतुक. परक्यांच्या बोलीतला धीर चालत होता. स्वतःच्या बायकोच्या तोंडचा तेवढा खुपायचा, कारण त्यात खाऱ्या पाण्याचा वास येतो असं आईनं सांगितलं होतं.

ते श्रावणातलं तुला आठवतं का, माहीत नाही. आठवत नसावं असं मी पन्नास वर्षं म्हणत आलो. मी छत्रात नवा होतो. मुख्य आचारी तापानं पडला आणि दोनशे पानांचं पुरण माझ्या गळ्यात आलं. लाकडं भिजलेली, चुली धुमसतायत, डाळ शिजेना. मला रडू फुटायचं बाकी होतं. तुला कुणी सांगितलं कोण जाणे, तू मागच्या दारानं पदराखाली कोरड्या गोवऱ्या घेऊन आलीस. धुरात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुमका जमतला. काय्येक जावचा नाय. मी आसंय हयसर." जमेल तुम्हाला, मी आहे इथे.

बाकीचे आचारी फिदीफिदी हसले. एकजण म्हणाला, "काय हो, तुमच्याकडे ही कोळीण कुठली?"

मी म्हटलं, "घरी कामाला आहे."

तू गोवऱ्या ठेवून गेलीस. वळताना ऐकलंस की नाही, मला सांगता येत नाही. धूर होता. पुरण उत्तम झालं, लोकांनी वाहवा केली. घरी आलो तर तू पाट मांडून बसली होतीस आणि एकच विचारलंस, "जमला ना?" मी हो म्हटलं. पुढे दोन शब्द बोलायला काय जात होतं माझं? ते पुरण मी आपल्या हिमतीवर केलं असंच मी चारचौघांत सांगत आलो. तुझ्या गोवऱ्यांवर झालं ते. आणि तुझ्या त्या दोन वाक्यांवर झालं. हे आज पहिल्यांदा कुणालातरी कबूल करतोय, तेही तू नसताना.

सगळंच काही असं नव्हतं. रामनगरची रामलीला बघायला निघालो होतो त्या दुपारचं आठवतं? मध्यधारेत वारा सुटला, नाव एका अंगानं पाणी घ्यायला लागली. नावेत सगळे हर हर महादेव करून ओरडतायत, रामधनी मल्लाह त्यांच्यावर ओरडतोय, "बइठल रहा लोगन, खड़ा मत होखा!" गंगेकाठी जन्म जाऊन मला पोहता येत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तू सरकून जवळ आलीस, चारचौघांत माझा हात धरलास आणि कानाशी बोलत राहिलीस. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी बोलू दिलं. हात सोडवून घेतला नाही. पलीकडे लागलो तरी सोडवून घेतला नाही. तू म्हणालीस, "आता सोडा, लोक बगतत." तुझ्यापेक्षा समुद्र जास्त पाहिलेलं माणूस त्या नावेत दुसरं नव्हतं. त्या दिवशी मला तुझ्या मुलखाचा अभिमान वाटला होता. सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता आपल्या दत्तूचं लिहितो. ते टाळून हा कागद पुरा होणार नाही.

चार वर्षांचा होता. उन्हाळ्यात गल्लीत पटकी आली. सरकारी माणसं विहिरींत लाल औषध टाकून गेली, पण तोवर घरटी एक गेलेलं होतं. सकाळी चांगला खेळत होता, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. त्याला कळत होतं. डोळे फाडून तुझ्याकडे बघत होता. तू त्याच्या केसांतून हात फिरवत एकसारखं म्हणत होतीस, "भियाव नको रे मेल्या, मी आसंय. मी आसंय हयसर."

दाजीशास्त्री, आपल्या समोरच्या घरातले, तेव्हा तरणे होते. ते दाराशी येऊन म्हणाले, "आता नाव घ्या. कानात नाव पडू द्या." आई रडत राम राम करत होती. मी तुला म्हटलं, "तुझं ते बंद कर. नाव घे." तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मी खांदा धरून हलवला तुला. तरी तू तेच. आणि पोर तुझ्याकडे बघता बघता गेलं. तोंड वेडंवाकडं झालं नाही, किंचाळलं नाही. झोपल्यासारखं गेलं.

चौथ्या दिवशी मी तुला बोललो. शब्द मला पाठ आहेत, तुलाही असतील. "काशीत कुत्रंसुद्धा तरून जातं. माझं पोर तुझ्यामुळे अधांतरी राहिलं."

आठ दिवसांनी भाजी चिरता चिरता, विळीवरची नजर न उचलता म्हणालीस, "त्येका देव खय ठावक होतो? त्येका आवस ठावक होती."

आवस म्हणजे आई. मी उठून बाहेर गेलो.

त्यानंतर तू काशीवासाला आलेल्या म्हाताऱ्यांकडे जायला लागलीस. मागे कुणी नाही, मरण काशीत यावं म्हणून सातारा, वाई, नागपूर, कुठून कुठून आलेल्या त्या बोडक्या बायका. एकेका खोलीत चार-चार. त्यांची घटका भरत आली की तू जाऊन उशाशी बसायचीस. गंगाजळ असायचं, तुळशीपत्र असायचं, रामनाम घ्यायला दाजीशास्त्री नाहीतर दुसरं कुणी असायचं. तुझं काम निराळं. तू हात धरून तुझं ते म्हणायचीस. आणि घरी आलीस की आपलं भांडण.

मी म्हणायचो, "त्या घटकेला एकच शब्द चालतो. यमदूत काय मालवणचे आहेत तुझी बोली समजायला?"

"ते खयचेय आसांदेत. मरणारा माणूस भियालेला आसता."

"म्हणूनच नाव घ्यायचं!"

"घ्या की! कोण नको म्हणता? पयलो धीर, मगे नाव."

"देवाच्या आधी तू?"

"देव घाईत नाय," तू म्हणायचीस. "तुम्हीच घाईत आसात."

हे भांडण आपण किती वर्षं भांडलो! भाजी निवडताना, पापड लाटताना, तुझ्या डोक्याला तेल चोळताना. मला वाटायचं मी धर्माच्या बाजूनं भांडतोय. वाईकडची एक म्हातारी होती, शेवटी शेवटी वाचा जड झालेली. मी छत्रातून तिला पेज घेऊन गेलो तर मला म्हणाली, "पेज राहू द्या. ती वायच म्हणते ना, तिला पाठवा." मी घरी येऊन तुला निरोप दिला नाही. भात लावायचा होता, विसरलो म्हणून सांगितलं. विसरलो नव्हतो. ती दुपारीच गेली. हे तुला माहीत नाही. आता माहीत झालं.

मार्गशीर्षात तुझे पाय सुजले. जिना चढताना मध्येच थांबून खांबाला टेकायला लागलीस. मी खालून बघायचो. मला म्हणायचं असायचं, आजून वायच. म्हणायचो काय? "दम लागतो तर वर-खाली कशाला करतेस?"

एक दिवस उन्हात बसून वाल सोलत होतो. तू मध्येच विचारलंस, "माझ्या वेळाक तुम्ही माका काय सांगशात?"

"रामनाम. आणखी काय?"

"त्येच्या आदी?"

"त्याच्या आधी काही नाही."

तू चार वाल सोललेस. मग म्हणालीस, "एकदा म्हणान बगा तरी. तुमका येता. इतकी वर्सा आयकतास."

"मला नाही जमायचं ते."

"जमतला," तू म्हणालीस आणि हसलीस. मीही हसलो. आपल्याला वाटलं भांडण अजून चालू आहे. पुढल्या खेपेला मी काय बोलणार तेही मी ठरवून ठेवलं होतं.

माघातली ती सकाळ. तुझा श्वास वरच्यावर यायला लागला. खोली भरली. गल्लीतल्या बायका, मास्तर, काठी टेकत आलेले दाजीशास्त्री. त्यांच्या तोंडात आता दात नाहीत, पण आवाज तोच. म्हणाले, "कानाशी जा. नाव घ्या."

तू माझं बोट धरलं होतंस. डोळे उघडे होते तुझे. गंगाजळाकडे नाही, देवाच्या तसबिरीकडे नाही, माझ्याकडे. मला कळलं तू कशाची वाट बघतेयस. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही मला. वाकलो. तुझ्या कानाशी तोंड नेलं. जिभेवर होतं, येसू. अगदी जिभेवर होतं.

आणि मी राम राम म्हटलं. तीनदा, खणखणीत.

बायका म्हणाल्या, काय भाग्याची. तुझी नजर माझ्यावरून उठली आणि दाराकडे गेली. खोलीत दुसरं कुणी आहे का, असं पाहिल्यासारखी. बोट तू आपण होऊन सोडलंस. मी सोडलं नव्हतं. मग थोड्या वेळानं संपलं.

लोकांची लाज वाटली म्हणून बोललो नाही, असं मी तीन-चार दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. या वयात कुणाची लाज? मी बोललो नाही, कारण तुला ते म्हटलं असतं तर दत्तूच्या वेळी तू बरोबर होतीस असं झालं असतं. मग मी तुला जे बोललो त्याचं काय? मी तो शब्द पस्तीस वर्षं सांभाळला. तुला धीर द्यायच्या घटकेलासुद्धा तोच सांभाळत बसलो. तू किती बायकांना पोचवलंस. एकीलाही दाराकडे बघायला लागलं नाही. ती पाळी तुझ्यावर आली आणि आणली मी.

नाव घेतलं ते चुकलं असं मी म्हणत नाही. मी रामाचा माणूस आहे, उद्या माझ्या कानात कुणी नाव घेतलं तर मला हवंच आहे. पण तू काही फार मागितलं नव्हतंस. आधी म्हणायचं होतं, एवढंच. दोन श्वासांचं काम. देव थांबला असता. तू सांगितलंच होतंस, तो घाईत नाही.

दहाव्याला पंचगंगेवर पिंड ठेवले. ऊन पडलं होतं. माझा पुतण्या, मास्तर, दाजीशास्त्री, भटजी, सगळे मागे सरून उभे राहिले. कावळे चिकार. एक कठड्यावर बसला, मान तिरकी करून पिंडाकडे बघितलं, आणि बसूनच राहिला. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे लहान पोराला ठाऊक. मग सुरू झालं नेहमीचं. पुतण्या हात जोडून म्हणाला, "काकू, काकांना आम्ही अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. मास्तर म्हणाले, "तुळशीला रोज पाणी घालू." नाही. भटजींनी सवाष्णी जेवू घालायचं कबूल करून टाकलं, माझ्या वतीनं. तरी नाही. खाली नाव बांधत होता रामधनी. आता म्हातारा झालाय. तो वर बघून म्हणाला, "अरे बाबा, काशी क कउआ हौ, भोरे से खात हौ. पेट भरल हौ ओकर." सगळे गालातल्या गालात हसले. मलाही हसू आलं. तू असतीस तर मोठ्यानं हसली असतीस.

ऊन तापायला लागलं. दाजीशास्त्र्यांना उभं राहवेना. मी पुढे झालो. भटजींना वाटलं मी नमस्कार करतोय. मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "येसू, भियाव नको. मी आसंय. दत्तूच्या वेळाक तू केलंस ता बरोबर होता. माझा चुकला."

माझ्या तोंडी ते कसं वाटलं कोण जाणे. उच्चार तुझे नव्हते. पुतण्यानं मान खाली घातली. भटजी म्हणाले, "आजोबा, हे काय? संस्कृत नाही, मराठी नाही..." दाजीशास्त्री त्यांना म्हणाले, "गप्प राहा." दत्तू गेला त्या दिवशी ते दाराशी होते. त्यांना सगळं समजलं.

कावळा कठड्यावरून उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला. मग तो उडाला आणि बाजूला दुसऱ्या कुणाचे पिंड होते तिकडे जाऊन बसला.

आम्ही आणखी घटकाभर थांबलो. परत आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. शास्त्रात सोय आहे." असेल. शास्त्रात सगळ्याची सोय असते.

येताना पुतण्या माझा दंड धरून चढवत होता आणि समजूत घालत होता की पोट भरलेलं होतं हो काका कावळ्याचं, त्याला काय कळतंय. मला वाईट वाटत होतं, पण त्याला वाटत होतं त्या कारणानं नाही. कावळा शिवला असता तर मी तिथेच सुटलो असतो, येसू. घरी येऊन आंघोळ केली असती, वरणभात जेवलो असतो आणि तू मला माफ केलंस असं उरलेले दिवस गल्लीत सांगत फिरलो असतो. तू शिवू दिलं नाहीस. बरोबर केलंस.